जेवणातला ज आणि आवाजातला ज

दवाखान्याच्या चार नंबरच्या खिडकीत बसणाऱ्या बाईंना सगळे फोडबाई म्हणत. नाव पडलं होतं शब्द फोडण्याच्या सवयीवरून. पण नवीन माणूस ते ऐकून भलताच अर्थ घेई. आठवड्यातून एकदा तरी कुणी खिडकीशी येऊन बाही वर सारी, नाहीतर मान वाकडी करून दाखवी आणि म्हणे, "बाई, हा बघा, चार दिवस झाले, पिकतच नाही."

"अहो काका, मी त्या फोडांची नाही," फोडबाई म्हणत. "त्या फोडांसाठी अकरा नंबरला जा. डर्-म-टॉ-ल-जी. म्हणा बघू."

"डरमट..."

"डरू नका. डर्, म, टॉ, ल, जी. 'टॉ'वर जोर."

आणि पेनाच्या मागच्या टोकाने त्या खिडकीच्या फळीवर ठोके देत. चार हळू, एक जोरात. काका फोड विसरून ठोक्यावर म्हणायला लागत. मागची रांग खोळंबे, कुणी तरी करवादे, "बाई, शाळा नंतर भरवा, आधी कागद द्या!" पण काका शेवटी शब्द जिंकून, छाती काढून अकरा नंबरकडे निघत, तेव्हा तेच करवादणारे तोंडातल्या तोंडात 'डर्-म-टॉ' पुटपुटत असत. स्वतःची पाळी यायच्या आत नको का तयारी व्हायला!

फोडबाईंचं म्हणणं साधं होतं. ज्या दुखण्याचं नाव तोंडात मावत नाही, त्याची भीती दुप्पट वाटते. नाव नीट घेता आलं की दुखणं बरं होत नाही, हे त्यांनाही कळत होतं. पण परका माणूस दारात उभा राहण्यापेक्षा नाव-गाव कळलेला माणूस उभा राहिलेला बरा, एवढंच.

कॉलेजात त्यांचा विषय मराठी होता. लघु-गुरू, मात्रा, संधी, समास यांत त्यांचा हात धरणारं वर्गात कुणी नव्हतं. पुढे त्या विद्येला कुणी विचारलं नाही आणि त्या दवाखान्याच्या खिडकीत येऊन बसल्या. पहिल्याच सकाळी समोर कागद आला, त्यावर वीत-दीड वीत लांबीचा इंग्रजी शब्द. शेजारच्या खिडकीतला माणूस म्हणाला, "ते वाचायचं नसतं, नुसता शिक्का मारायचा असतो." पण लांब शब्द न फोडता सोडून देणं म्हणजे फोडबाईंना पानात वाढलेलं टाकून उठण्यासारखं वाटलं. त्यांनी पेन्सिलीने त्याच्यावर उभ्या रेघा मारल्या, आठ तुकडे केले, मोठ्याने वाचला आणि कागद घेऊन आलेल्या म्हातारीने विचारलं, "हे एवढं सगळं मला झालंय?"

त्यांचे नियम तीन होते, आणि ते त्या कुणालाही, कुणी न विचारता सांगत. पहिला, प्रत्येक तुकड्यात एक स्वर पाहिजेच. स्वर नाही तो तुकडा नाही. दुसरा, सगळे तुकडे सारखे नसतात. "आपली सवय काय? सगळ्या अक्षरांना एका ओळीत बसवायचं आणि सगळ्यांना सारखं वाढायचं. इंग्रजीत तसं चालत नाही. तिथे एक जावई असतो. त्याला मान द्यायचा, बाकीच्यांनी आवरतं घ्यायचं." तिसरा, जावई शोधायचा तर शब्दाची शेपटी बघायची. शेपटी 'लॉजी' असली की लोक 'लॉ' ताणतात, ते चूक. मान त्याच्या अलीकडच्या 'ऑ'ला. कार्-डि-ऑ-ल-जी. शेपटी 'आयटिस' असली, म्हणजे कुठेतरी सूज आली, की मान 'आय'ला. टॉन्-सि-लाय्-टिस. अ-पेन्-डि-साय्-टिस. "सूज कुणाला का येईना, भार आयवरच," असं त्या म्हणत, आणि रांगेतल्या बायका जोराने माना हलवत. शेपटी 'एक्टमी' असली तर काहीतरी कापून काढायचं आहे. टॉन्-सि-लेक्-ट-मी. "यात लेक आहे आणि मी आहे. ठोका लेकीवर. मी शेवटी, हळू आवाजात."

हे त्या खिडकीत हसून सांगत. घरी मात्र त्यांच्यातली 'मी' हळू आवाजात बसायला तयार नव्हती.

लेक त्याच दवाखान्याच्या नर्सिंगच्या शाळेत शेवटच्या वर्षाला होती. हाताने चांगली, सुई अशी टोचायची, की माणूस म्हणे, "टोचा आता," आणि ती म्हणे, "टोचून झाली." लेखी परीक्षेत पहिल्या पाचांत. अडलं होतं ते तोंडी परीक्षेत. गेल्या खेपेला तिने 'हायपर'च्या जागी 'हायपो' म्हटलं, म्हणजे 'जास्त'च्या जागी 'कमी'. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी चष्म्यावरून नुसतं बघितलं. बस्स. त्यानंतर तिच्या तोंडून जे शब्द निघाले, ते कोणत्याच भाषेतले नव्हते. नापास. शाळेचा नियम असा, की तोंडी परीक्षेला दोनच संधी; दुसऱ्यांदा आपटलं की पटावरून नाव कमी. तीन वर्षं गेली पाण्यात.

तेव्हापासून फोडबाईंनी कंबर कसली. रोज दुपारी डबा खाऊन झाला की त्या खिडकीचं दार लावून वही उघडत. दोनशे बारा शब्द. प्रत्येक शब्द देवनागरीत, ठळक अक्षरांत, मध्ये उभ्या रेघा, जावई अक्षराभोवती लाल गोल, आणि समोर अर्थ. इंग्रजी स्पेलिंग त्यांनी मुद्दाम लिहिलं नाही. "स्पेलिंगनेच तर घोळ होतो," त्यांचं ठाम मत. "लिहितात एक, म्हणतात तिसरंच. आपल्याकडे जे म्हणायचं तेच लिहायचं. सरळ कारभार."

वही लेकीच्या हाती पडली आणि घरात ठोके सुरू झाले. भाजी चिरताना सुरीचे, भांडी घासताना ताटलीचे, लेक आंघोळीला गेली की न्हाणीघराच्या दारावर.

"हि-मो-ग्लो-बिन! जावई कुठे?"

"आई, डोळ्यांत साबण गेलाय!"

"परीक्षक साबणाचं ऐकून घेणार नाहीत. 'हि'वर, 'हि'वर."

लेकीचे बाबा घड्याळं दुरुस्त करत. दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसायचे आणि जन्मात कधी आवाज चढवायचे नाहीत. एकदा तेही भिंग काढून म्हणाले, "अगं, तू तिला शिकवतेस का वाजवतेस?"

"तुम्हाला काय होतंय! तुमच्या घड्याळांना कुठे तोंडी परीक्षा असते!"

परीक्षेच्या आदल्या दिवशी लेकीने आईला समोर बसवलं. दवाखाना तोच, परीक्षा दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये आणि आईची खिडकी बरोबर खाली, हे तिला पुरेपूर ठाऊक होतं.

"उद्या तू खाली बसायचंस. वर यायचं नाही."

"नाही येत."

"जिन्यात उभं राहायचं नाही. डबा राहिला म्हणून यायचं नाही. कुठल्या मावशींना निरोप देऊन पाठवायचं नाही."

"अगं, मी काय वेडी आहे?"

"शपथ घे. माझी नको, माझी तू रोज मोडतेस. तुझ्या वहीची घे."

फोडबाईंनी वहीवर हात ठेवून शपथ घेतली. वर पाऊल टाकणार नाही. आणि ती त्यांनी अक्षरशः पाळली, हे पुढे कुणी काहीही म्हणो, नमूद करायला हवं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी साडेआठला फोन वाजला. बाहेरच्या एका डॉक्टरांचा. एक शिंपी आहेत, पंधरा दिवस घास घशाखाली उतरत नाही, पाठवतोय. आजाराचं नाव अमुक. फोडबाईंनी नाव कानाने नीट ऐकलं, तोंडाने म्हणून बघितलं आणि रजिस्टरात लिहिलं: डिस्-फे-जि-या. मान 'फे'ला. गोल काढला. मग रांग आली, रांगेबरोबर कटकटी आल्या, दोन माणसं एकाच कागदावरून भांडली, एक आजी चष्मा विसरली म्हणून परत आली आणि चष्मा तिच्या डोक्यावरच होता. एक डोळा वरच्या मजल्याकडे लागलेला तो वेगळाच. दहा वाजता शिंपी येऊन उभे राहिले तेव्हा फोडबाईंच्या डोक्यातून फोन पार उडाला होता. त्यांनी रजिस्टरात बोट फिरवलं. डिस्फेजिया. वाचला, आणि बिनधास्त म्हणाल्या, "वाचा गेली. सतरा नंबर. उजवीकडे शेवटची खोली."

शिंप्यांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. "बोलू नका, त्रास होईल," फोडबाई मायेने म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्या माणसाला बोलावलं.

सतरा नंबरात वाचा गेलेल्यांना पुन्हा बोलायला शिकवणाऱ्या एक ताई बसत. त्यांना सगळे वाचाताई म्हणत. अकरा वाजून पाच मिनिटांनी त्या वाचाताई स्वतः चालत चार नंबरच्या खिडकीशी आल्या. केस विस्कटलेले. त्यांच्या घशातून फाटक्या भात्यासारखा आवाज येत होता.

"फोडबाई, त्या माणसाची वाचा गेलीय असं कोण म्हणालं?"

"का? अजिबात बोलत नाहीत का?"

"बोलत नाहीत? तासभर मला एक शब्द बोलू दिला नाही! मी म्हटलं, म्हणा 'आ'. त्यांनी 'आ'वरून आत्याचं लग्न सांगितलं, लग्नातल्या कोटाचं माप सांगितलं, कोट ज्याच्या अंगात बसला नाही त्याच्या तीन पिढ्या सांगितल्या. मी चित्रं दाखवली, तर चित्रातल्या बाईच्या झग्याची शिवण चुकलीय म्हणाले. शेवटी माझीच वाचा बसली! अहो, त्यांना बोलायला नाही, गिळायला होत नाहीये!"

फोडबाईंनी रजिस्टर ओढलं. लिहिलेलं तेच होतं. डिस्फेजिया. अक्षर त्यांचं. गोल त्यांचा. त्यांनी पुन्हा वाचलं, मग आणखी एकदा वाचलं, आणि तिसऱ्यांदा वाचताना त्यांचं बोट ज-वर थांबलं.

आजार दोन होते. एकात घास अडतो, दुसऱ्यात शब्द अडतो. इंग्रजीत त्यांची अक्षरं वेगळी आणि आवाजही वेगळे; पण मराठीत लिहायला बसलं की दोघांच्या पानात एकच ज येतो. आणि मराठीतला ज हा दुतोंडी. 'जेवण' म्हणताना तो टाळूला चिकटून मऊ निघतो, 'आवाज' म्हणताना दातांमागून सुरी घासल्यासारखा निघतो. लिहायला मात्र एकच. लिहिताना कुणाला कळतसुद्धा नाही, कारण मराठी माणूस शब्द ओळखीचा असतो म्हणून बरोबर म्हणतो, ज बघून नव्हे. हा शब्द काही कुणाच्या ओळखीचा नव्हता. सकाळी कानात होता तो जेवणातला ज होता. दहा वाजता डोळ्यांनी उचलला तो आवाजातला.

जे म्हणायचं तेच लिहायचं. सरळ कारभार! फोडबाईंना स्वतःच्याच वाक्याची शिसारी आली.

आणि मग दुसरी गोष्ट सुचली. वही! वहीत हे दोन्ही शब्द होते. पान एकोणीस आणि पान एकवीस. दोन्हीकडे ज. लेक त्या वहीवरून शिकली होती, महिनोन्महिने, त्यांनीच ठोके देऊन देऊन शिकवलेलं. ठोक्याने जावई कळतो, ज कळत नाही. आणि हा काही व्याकरणातला लाडिक घोळ नव्हता. ज्याचा घास अडतो त्याला झोपवून पाणी पाजलं तर पाणी श्वासनळीत जायचं. परीक्षक असलं हमखास विचारतात. गेल्या वेळी 'हायपो'ला चष्म्यावरून बघणारी बाई या वेळी चष्मा काढूनच बघेल.

घड्याळात अकरा वाजून दहा. परीक्षा सुरू होऊन तास होऊन गेलेला. यादीत लेक सातवी. अजून बाकावर बसली असेल, नाहीतर आत गेली असेल. वर जायचं नाही, शपथ. निरोप धाडायचा नाही, तीही शपथ. समोर बावीस माणसांची रांग. आणि हाताशी, खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात, रुग्णांची नावं पुकारायचा माईक. त्याचे कर्णे सगळ्या खोल्यांत, व्हरांड्यांत, जिन्यांत होते. हॉलमध्येही होता, कारण गेल्याच महिन्यात तो घरघरतो अशी तक्रार फोडबाईंनीच लिहून घेतली होती.

फोडबाईंनी माईकचं बटण दाबलं. आवाज स्वच्छ निघाला.

"लक्ष द्या. जेवणातला ज, म्हणजे घास अडला. आवाजातला ज, म्हणजे शब्द अडला. पुन्हा सांगते. जेवणातला ज, जेवण अडलं. आवाजातला ज, आवाज अडला. पान एकोणीस आणि एकवीस. संबंधितांनी नोंद घ्यावी."

दवाखान्यातल्या सगळ्या माना कर्ण्यांकडे वळल्या. मग एकदम कल्ला उठला.

"जेवण अडलं म्हणजे?" रांगेतल्या एका मावशींनी विचारलं. "आज मिळणार नाही?"

"पान एकोणीस म्हणाल्या. एकोणीसच पानं वाढणार असतील."

"चला, चला, आधी नंबर लावा!"

अर्धी रांग उपाहारगृहाकडे पळाली. पाच मिनिटांत उपाहारगृहवाले कमरेचा फडका हातात घेऊन खिडकीवर हजर. "बाई, माझं जेवण कुठे अडलंय? दोन मोठी पातेली उतरवून ठेवलीत! आणि एकोणीस पानं कुठून काढलीत? माझ्याकडे दीडशे ताटं आहेत!"

"तुमचा ज नाही हो तो!" फोडबाई म्हणाल्या.

"माझं कोण नाही?"

"काही नाही. जेवण आहे. सगळ्यांना आहे. जा तुम्ही."

तेवढ्यात शिंपी परत आले होते. वाचाताईंनी त्यांना योग्य कागद देऊन पाठवलं होतं. ते खिडकीत वाकून म्हणाले, "ताई, मी तुमच्यावर रागावलो नाही. उलट, बऱ्याच दिवसांनी कुणीतरी सगळं ऐकून घेतलं. आता घसा बघायला जातो." फोडबाईंनी त्यांचा हात धरून माफी मागितली, खोलीचा नंबर मोठ्या आकड्यात लिहून दिला आणि दवाखान्यातल्या शिपाईमामांना त्यांच्यासोबत दारापर्यंत पाठवलं. मग त्यांनी माईकचं बटण बंद असल्याचं चारदा तपासलं आणि वर बघत बसल्या. वर छत होतं.

बाराला लेक खाली आली. जिन्यावरूनच तिचा चेहरा दिसला. रडलेला नव्हता. हसलेलाही नव्हता. दात आवळलेले होते.

"आई."

"मी वर आले नव्हते!"

"आई, सगळा दवाखाना तुझ्या ज-बद्दल बोलतोय."

"पण तुला ऐकू आलं ना? वेळेत आलं ना? त्यांनी तेच विचारलं?"

"तेच विचारलं." लेक खिडकीच्या बाहेरच्या स्टुलावर मटकन बसली. "मी आत होते. त्यांनी विचारलं, डिस्फेजियाच्या रुग्णाला पाणी कसं द्याल. मी सांगितलं. उठवून बसवायचं, हनुवटी खाली, लहान घोट, आधी डॉक्टरांना विचारायचं, घाई करायची नाही. सगळं बरोबर. बाई मान डोलावत होत्या, पेन उचललं होतं. आणि तेवढ्यात भिंतीतून तू."

"म्हणजे... माझ्या आधीच तू बरोबर..."

"आधीच! तुझ्या वहीतला ज मी पहिल्याच आठवड्यात पकडला. सगळे शब्द पुस्तकातल्या इंग्रजीशी ताडून बघितले. जिथे जिथे आवाजातला ज आहे तिथे खाली टिंब दिलंय. नऊ ठिकाणी."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

लेक थोडी गडबडली. "तू डबा अर्धा ठेवून लिहायचीस ती वही. तुला काय सांगायचं, चुकलीय म्हणून!"

फोडबाईंनी हातातलं पेन फळीवर आडवं ठेवलं, ठोका न देता.

"पुढे ऐक," लेक म्हणाली. "बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, हे काय आहे? मी खोटं बोलले नाही. म्हटलं, ती माझी आई आहे. त्या म्हणाल्या, काय झालंय त्यांना? मी म्हटलं, काळजी."

"अगं बाई!"

"त्या म्हणाल्या, याला काही मोठं नाव नाही का? मी म्हटलं, नाही, एवढंच. त्या हसल्या नाहीत, आई. अजिबात हसल्या नाहीत. म्हणाल्या, उत्तर भिंतीतून आलंय, हा प्रश्न रद्द. तुमचा आणि तुमच्यानंतरच्या सगळ्यांचा. दुसरा घेते."

म्हणजे आलेलं उत्तर आईच्या मदतीने गेलं. फोडबाईंनी पदर तोंडाला लावला.

"दुसरा काय घेतला?"

लेकीने डोळे मिटले. "घशातून नळी घालून अन्ननलिका, जठर, लहान आतड्याची सुरुवात असं सगळं बघतात ना, त्याचं पूर्ण नाव. म्हणायचं आणि समजावायचं."

फोडबाईंची बोटं आपोआप फळीवर चालायला लागली. इ-सॉ-फ-गो-गॅस्-ट्रो-ड्यू-ओ-डी-नॉ-स्क-पी. बारा तुकडे. मान 'नॉ'ला. बारा तुकड्यांचा शब्द हा त्यांच्या वहीतला हिमालय होता.

"म्हटलास?"

"पहिल्यांदा गॅस्ट्रोपर्यंत नीट गेले. 'ड्यू'वर घसरले. बाईंनी चष्म्यावरून बघितलं."

"आणि मग? पुन्हा हायपो झालं?"

"नाही. मी म्हटलं, बाई, मी परत पहिल्यापासून म्हणते. त्या म्हणाल्या, म्हणा. मी म्हटला. पूर्ण. समजावलाही. पण त्यांनी काय लिहिलं ते दिसलं नाही. तोंडावर काही दिसतच नाही त्यांच्या. पाटीसारखं तोंड." तिने आईकडे बघितलं. "नापास झाले तर मी तुझ्याशी जन्मभर बोलणार नाही."

"नको बोलूस," फोडबाई म्हणाल्या. "पण पास हो."

निकाल चार वाजता, खालच्याच मजल्यावर कार्यालयाच्या दाराशी. लेक मैत्रिणींबरोबर बाहेर जाऊन बसली; आईजवळ बसली तर आई ठोके देत राहील, म्हणाली. मध्ये मोठ्या साहेबांची चिठ्ठी आली: माईकवरून रुग्णांच्या नावांखेरीज काहीही बोलू नये, आठ दिवस माईक शेजारच्या खिडकीकडे. फोडबाईंनी चिठ्ठी वाचली, सही केली. एरवी त्यांनी साहेबांशी वाद घातला असता. आज साहेबांनी त्यांना गच्चीवर उलटं टांगलं असतं तरी त्या म्हणाल्या असत्या, चार वाजेपर्यंत टांगा.

दुपारभर त्यांनी एकाही माणसाला शब्द फोडून सांगितला नाही. लोक येत, नंबर घेत, जात. एका नेहमीच्या आजोबांनी तर विचारलं, "बाई, आज बरं नाही का? मला परवाचं परत म्हणायचं होतं." फोडबाई म्हणाल्या, "उद्या, आजोबा." त्यांच्या डोक्यात एकच गणित चाललं होतं. पास, एक ठोका. ना-पास, दोन ठोके. दोनशे बारा शब्द त्यांनी फोडले होते, पण दिवस शेवटी या दोन फुटकळ शब्दांवर येऊन अडला होता, आणि दोघांत फरक फक्त पहिल्या तुकड्याचा. तोंड उघडतं कुठल्या अक्षराने, एवढंच ऐकायचं.

चारला कार्यालयाच्या दाराशी गर्दी झाली. परीक्षक बाई आतून बाहेर पडून, हातात पिशवी घेऊन निघाल्या. फोडबाई समोर आल्या. दोघी थांबल्या.

"माफ करा," फोडबाई म्हणाल्या. "ती मीच."

परीक्षक बाईंनी त्यांच्याकडे चष्म्यावरून बघितलं. आता कळलं लेकीला काय होत होतं ते. फोडबाईंना स्वतःचं नाव आठवेना.

"तीस वर्षं मी या दोन शब्दांवर मुलींना नापास करतेय," परीक्षक बाई म्हणाल्या. "त्यांना फरक कसा सांगावा हे मला कधी सुचलं नव्हतं." एवढं बोलून, ना हसता ना रागावता, त्या निघून गेल्या. याचा अर्थ चांगला की वाईट, हे फोडबाईंना लागेना. नापास करतेय म्हणाली. आजही केलं का?

दारात कारकून यादी घेऊन उभा होता. माणूस तसा भला, पण त्याला पेनाचं टोपण दातांत धरून बोलायची खोड होती. एकेकीला बोलावून तो सांगत होता. लेक अजून बाहेरून आली नव्हती. फोडबाई गर्दीतून वाट काढत अगदी त्याच्या नाकासमोर गेल्या.

"माझ्या मुलीचं सांगा. सातवी. यादीत सातवी."

कारकुनाने यादीवर बोट फिरवलं. चार, पाच, सहा. बोट थांबलं. त्याने तोंड उघडलं.

"ना—"

फोडबाईंचे डोळे मिटले. हात दाराच्या चौकटीवर गेला. तीन वर्षं, पटावरचं नाव, वही, डबे, सगळं एका अक्षरात खाली गेलं. दुसरा तुकडा यायचा तेवढा बाकी होता.

कारकुनाने तोंडातलं टोपण काढलं.

"—व काय म्हणालात मुलीचं? सात नंबरवर शाई सांडलीय, दोन नावं एकावर एक आलीत."

फोडबाईंनी नाव सांगितलं. इतक्या हळू, की त्याला पुन्हा विचारावं लागलं, आणि दुसऱ्यांदा इतक्या जोरात, की बाहेर बसलेली लेक दचकून उठली आणि धावत आली.

"हां," कारकून म्हणाला. "पास."

"काय?"

"पास हो बाई. पास. आता याचीही फोड करून सांगू का?"